एका बोटानं

नागवेकर कॉन्टेसा घेऊन आले ते भर उन्हात.
मागच्या सीटवर पंप, वर्तमानपत्रात गुंडाळलेला,
कोल्हापूरच्या जुन्या बाजारातला.
म्हणाले, गफार, पॉवर स्टिअरिंग बसव हिला.
बायकोला चालवायची आहे.

त्यांना वाटलं मी बघितलं नाही.
उजव्या हातानं डावा हात उचलून
त्यांनी चाकावर ठेवला होता,
एस्टीत पिशवी मांडीवर घेतात तसा.
मी म्हटलं, बसवू. वहिनींना जमेल.

पस्तीस वर्षं ही गाडी त्यांनी मनगटावर वळवली.
उभ्या गाडीचं चाक फिरवायचं म्हणजे
ओहोटीला रुतलेली होडी एकट्यानं ढकलायची.
दात आवळून ढकलायचे,
आणि वर म्हणायचे, हलकं चाक बायकांना.
रस्ता हाताशी बोलला पाहिजे रे,
खड्डा आधी तळव्याला कळला पाहिजे, मग डोळ्याला.

बोल्ट निघेनात. खारा वारा एकदा आत शिरला
की नट कुठला, बोल्ट कुठला, वेगळं सांगता येत नाही.
रात्रभर डिझेल पाजलं.
सकाळी दोन सुटले, तिसरा तुटला,
जाताना माझ्या अंगठ्याची साल घेऊन गेला.
पंपाला ब्रॅकेट नव्हतं. ते बंदरावरच्या वेल्डरनं
मोडीत काढलेल्या ट्रॉलरच्या पत्र्यातून कापून दिलं.
म्हणजे आता थोडी होडी आली हिच्यात, मी म्हटलं,
तेव्हा नागवेकर त्या आठवड्यात पहिल्यांदा हसले.
अर्धं आयुष्य बोटीच्या इंजिनात काढलेला माणूस.

मग तेल भरलं, लाल.
पुढचे टायर जॅकवर अधांतरी.
आतली हवा काढायची म्हणून
चाक या टोकापासून त्या टोकाला,
पुन्हा या टोकाला.
डबीत फेस. पंप कण्हत होता.
नागवेकर म्हणाले, सर, मी फिरवतो.
एका हातानं फिरवत राहिले.
दुसरा मांडीवर, उताणा.
बुडबुडे कमी होत गेले,
कण्हणं थांबलं.
आम्ही दोघंही काही बोललो नाही.

गावखडीपर्यंत जाऊन आलो.
सुरूच्या बनापाशी वळण आहे, तिथं ते खांदा लावायचे.
आज तळहात नुसता टेकवला
आणि एवढं लांब बॉनेट
पाण्यातल्या म्हशीसारखं आरामात वळलं.
काही कळतच नाही रे, ते म्हणाले.
रस्ता गप्प झाला.
सवय होईल, मी म्हटलं.
दुसरं काय म्हणणार?

संध्याकाळी कुमुदवहिनी डब्यात घावणे घेऊन आल्या.
नागवेकर टायरकडे बघत उभे,
टायरमध्ये बघण्यासारखं काही नव्हतं.
माझ्या तोंडातून निघून गेलं,
वहिनी, तुमच्यासाठीच केलंय हे सगळं.
त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. मग त्या हाताकडे.
महिनाभर शर्टाची बटणं त्याच लावतायत,
त्यांना काय सांगायचं?
पदर खोचला, दार उघडलं,
आणि विचारलं, क्लच कुठला?

तीन वेळा बंद पडली.
चौथ्यांदा फणसाच्या बुंध्याला टेकली,
नागवेकर ओरडले, मी डोळे मिटले.
पाचव्यांदा, मासळी वाळवायच्या मोकळ्या जागेत,
त्यांनी ती अख्खी गाडी
एका बोटानं वळवली.
एवढंच होतं? म्हणाल्या,
आणि तुम्ही पस्तीस वर्षं दात आवळत होतात?

नागवेकर शेजारच्या सीटवर.
तिथं ते पहिल्यांदाच बसले असावेत,
पट्टा कुठून ओढायचा ते शोधत होते.

जुना स्टिअरिंग बॉक्स नेतो म्हणाले, नेला नाही.
फळीवर पडलाय, खाली ग्रीसचा डाग.
गिऱ्हाईक नसलं की मी दांडा धरून बघतो. जड आहे.

बिलात पट्टा, तेल, वेल्डिंग, मजुरी लिहिली.
बंपरचा पोचा फुकट काढून देतो म्हटलं.
राहू दे, वहिनी म्हणाल्या,
तो माझा आहे.